तुकडेबंदी की तुकडेजोड : १९८४च्या एका निबंधाचं वाचन

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, की डिस्कवर फाईली कुठे ठेवायच्या हा अभियंत्यांचा प्रश्न, त्यात तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचं काय काम? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर एवढंच, की आम्ही आयुष्यभर युक्तिवाद कसा वाचावा हे शिकवत आलो, आणि चांगला तांत्रिक निबंध हा युक्तिवादच असतो. त्यात गृहीतकं असतात, व्याख्या असतात, पुरावा असतो आणि कुठे कुठे पुराव्याच्या पुढे टाकलेलं एखादं पाऊल असतं. ते पाऊल नेमकं कुठे पडलं हे बघायला हातात पेचकस असावा लागत नाही.

आपण वाचणार आहोत तो निबंध म्हणजे 'अ फास्ट फाईल सिस्टिम फॉर युनिक्स'. लेखक चार : मार्शल कर्क मॅक्युसिक, विल्यम जॉय, सॅम्युएल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री. हे काम बर्कलीचं. निबंध 'एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन कॉम्प्युटर सिस्टिम्स'च्या ऑगस्ट १९८४च्या अंकात आला, जेमतेम सतरा पानं. आज तुमच्या-आमच्या संगणकात जी फाईल सिस्टिम आहे तिच्यात या सतरा पानांचा अंश कुठेतरी असतोच. म्हणून तो नीट वाचायचा. नमस्कार करून बाजूला ठेवायचा नाही.

आधी रोग समजून घेऊ. डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. तिच्यावर एका हाताच्या टोकाला वाचणारं डोकं. हवी ती माहिती वाचायची तर आधी तो हात योग्य वर्तुळावर न्यायचा, याला सीक म्हणतात, आणि मग तबकडी फिरून तो भाग डोक्याखाली येईपर्यंत थांबायचं. प्रत्यक्ष वाचायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ या जाण्यात आणि थांबण्यात जातो. सरकारी कचेरीत सही करायला सेकंद लागतो, साहेब जागेवर येईपर्यंत दुपार जाते, तसंच.

मूळ युनिक्समध्ये जागेचं वाटप ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये व्हायचं. निबंधात उदाहरण आहे ते १५० मेगाबाइटच्या फाईल सिस्टिमचं. त्यातले पहिले ४ मेगाबाइट आयनोडचे, म्हणजे प्रत्येक फाईलच्या सातबाऱ्याचे, आणि पुढचे १४६ मेगाबाइट प्रत्यक्ष मजकुराचे. प्रत्येक फाईलसाठी आधी तलाठ्याच्या चावडीवर जायचं, उतारा बघायचा, आणि मग लांबच्या शेतावर जायचं. परिणाम असा, की डिस्कच्या क्षमतेच्या साधारण २ टक्के वेगच हाती यायचा. ब्लॉक दुप्पट म्हणजे १०२४ बाइटचा केल्यावर तो ४ टक्क्यांच्या आसपास गेला. दुपटीपेक्षा जास्त सुधारणा झाली आणि तरी ९६ टक्के वाया.

पण खरी गोष्ट पुढे आहे. रिकाम्या ब्लॉकची नोंद एका साखळीत ठेवली जायची, तिला फ्री लिस्ट म्हणायचे. नव्या डिस्कवर ही साखळी छान ओळीत असते. मग फाईली तयार होतात, पुसल्या जातात, मोकळे झालेले ब्लॉक साखळीच्या तोंडाशी जोडले जातात आणि तिथूनच पुन्हा वाटले जातात. म्हणजे थोड्याच दिवसांत ही यादी जागेची यादी राहत नाही, ती पुसण्याचा इतिहास होते. आज सकाळी कोणी काय पुसलं, त्या क्रमाने उद्याच्या फाईलला जागा मिळते. निबंधातला आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे : नव्या कोऱ्या फाईल सिस्टिमवर सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत वेग मिळायचा, तो काही आठवड्यांच्या बेताच्या वापरानंतर ३०वर यायचा.

इथे थोडं थांबू. १७५चे ३० झाले, पण बिघडलं काय? एकही अक्षर हरवलेलं नाही. फाईल उघडा, पहिल्यापासून शेवटपर्यंत जशीच्या तशी मिळते. आपल्या नैयायिकांच्या भाषेत बोलायचं तर अवयव विखुरले आहेत, अवयवी शाबूत आहे. नैयायिक म्हणतात घट हा कपालांहून वेगळा, स्वतंत्र पदार्थ आहे आणि तो समवायाने त्यांच्यात राहतो. बौद्धांना ते मान्य नाही. नागसेन मिलिंदाला रथाचे भाग एकेक करून दाखवतो आणि विचारतो, यात रथ कोणता? फाईल सिस्टिम या वादात मोठी चतुराई करते. वापरणाऱ्यासमोर ती नैयायिक असते : ही घ्या तुमची एक अखंड फाईल. डिस्कसमोर ती बौद्ध असते : फाईल वगैरे काही नाही, ब्लॉकच्या पत्त्यांची एक यादी आहे. दोन्ही बाजू सांभाळण्याची किंमत कोणीतरी मोजतोच, आणि इथे ती हाताच्या हेलपाट्यांत मोजली जाते. तुकड्यांचा रोग हा वस्तूचा रोग नाही, संबंधाचा रोग आहे. म्हणून तो दिसत नाही. माणूस एवढंच म्हणतो, 'मशीन हल्ली हळू झालंय.'

आता या रोगावर दोन तऱ्हेचे इलाज संभवतात, आणि मराठीत त्यांची नावं आधीच तयार आहेत. १९४७चा मुंबईचा शेतजमिनीचा कायदा आपण तुकडेबंदी-तुकडेजोड या जोडनावाने ओळखतो. तुकडेबंदी म्हणजे मुळात तुकडे पडूच द्यायचे नाहीत. तुकडेजोड म्हणजे पडलेले एकत्र आणायचे. शेताचा आणि डिस्कचा संबंध यापुढे फार ताणायचा नाही. शेताला वारस असतात, ब्लॉकला नसतात. पण शब्दांची ही जोडी इतकी नेमकी आहे की वापरल्याशिवाय राहवत नाही.

तुकडेजोडीची सूचना बर्कलीच्या या मंडळींपुढे होती. अधूनमधून डिस्क चाळून मजकूर पुन्हा ओळीने लावणारा कार्यक्रम ठेवावा, असं १९७६च्या एका लेखात मांडलेलं होतं आणि निबंध त्याचा उल्लेख करतो. जुन्या युनिक्समध्ये दुसरा मार्ग म्हणजे सगळं टेपवर उतरवायचं, फाईल सिस्टिम नव्याने बांधायची आणि सगळं परत भरायचं. घर आवरण्यासाठी घर पाडण्यातला प्रकार. चौघांनी हे दोन्ही मार्ग सोडून तुकडेबंदी निवडली. मात्र का निवडली याचा युक्तिवाद निबंधात जवळजवळ नाही. दुसरा मार्ग नाकारण्याची कारणं मांडायला हवी होती, ती मांडलेली नाहीत. हा आमचा पहिला आक्षेप, आणि तो किरकोळ नाही, कारण पुढची वीस वर्षं लाखो लोक नॉर्टनच्या किंवा विंडोजच्या डीफ्रॅगमेंटरसमोर रंगीत चौकोन सरकताना बघत बसले ते याच नाकारलेल्या मार्गावर. आमच्या विभागातले एक सहकारी तर पेपर तपासायचा कंटाळा आला की डीफ्रॅग लावून बघत बसायचे. म्हणायचे, ध्यान आहे हे.

बरं, तुकडेबंदी केली कशी? डिस्कचे भाग पाडले. लागून असलेल्या काही सिलिंडरांचा एक गट, त्याला सिलिंडर ग्रुप म्हटलं. प्रत्येक गटात स्वतःचे आयनोड, स्वतःचा मजकूर, आणि रिकाम्या जागेची साखळी जाऊन तिथे बिटमॅप. प्रत्येक ब्लॉकसाठी एक खूण : मोकळा की भरलेला. बदल साधा दिसतो पण यानेच काम केलं. साखळीला फक्त 'पुढचा कोण' एवढंच माहीत असतं. बिटमॅपला शेजारी कोण हेही कळतं. इतिहासाच्या जागी नकाशा आला.

मग धोरण. संबंधित गोष्टी एका गटात ठेवायच्या, असंबंधित गोष्टी पसरायच्या. एका डिरेक्टरीतल्या फाईली शक्यतो एका गटात. नवी डिरेक्टरी मात्र अशा गटात, जिथे मोकळे आयनोड सरासरीपेक्षा जास्त आहेत आणि डिरेक्टरी सगळ्यात कमी आहेत. आता प्रश्न असा, की 'संबंधित' म्हणजे काय हे यंत्राला कोण सांगणार? यंत्राला अर्थ कळत नाही. ते डिरेक्टरीला लिंग मानून अनुमान करतं : ज्या फाईली एका डिरेक्टरीत, त्या एकत्र वापरल्या जातात. ही व्याप्ती आहे का? बहुधा आहे, नेहमी नाही. ज्यांनी आपल्या डाउनलोडच्या फोल्डरात लग्नाची पत्रिका, विजेचं बिल आणि शोधनिबंध एकत्र टाकलेत त्यांना व्यभिचारी हेतू म्हणजे काय हे निराळं शिकवायला नको. पण अनुमान व्यवहारापुरतं चालतं आणि निबंध त्याहून मोठा दावा करत नाही. हे त्याचं मोठेपण.

याहून रोचक आहे ते मोठ्या फाईलचं. तुकडे टाळायला निघालेली ही व्यवस्था मोठ्या फाईलचे तुकडे स्वतःहून पाडते! फाईल ४८ किलोबाइटच्या पुढे गेली की पुढचं वाटप दुसऱ्या गटात, आणि मग प्रत्येक मेगाबाइटला पुन्हा गट बदलायचा. कारण सरळ आहे. एका फाईलने अख्खा गट खाल्ला तर त्या डिरेक्टरीतल्या उरलेल्या सगळ्या फाईली परागंदा होतात. एका मोठ्या फाईलला मेगाबाइटमागे एक लांब उडी परवडते, कारण उडीचा खर्च एवढ्या मजकुरावर विभागला जातो. पन्नास लहान फाईलींना प्रत्येकी एक उडी परवडत नाही. संपूर्ण समीपता हे ध्येयच नव्हे, हे या निबंधाला पक्कं कळलं होतं. सगळ्यांनाच सगळ्यांच्या जवळ ठेवायचं म्हटलं तर शेवटी एकच मोठा ढीग होतो, आणि तो ढीग म्हणजे जुनी फाईल सिस्टिमच.

पण ४८च का? तळटीप सांगते, की ४०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये नेमकी इथेच फाईलला पहिला अप्रत्यक्ष ब्लॉक लागतो, म्हणजे पत्त्यांची यादी आयनोडमध्ये मावेनाशी होते. लेखकांना ही नैसर्गिक सीमा वाटते. आम्हाला नाही वाटत. सातबाऱ्याचा कागद संपला म्हणून शेत दुसऱ्या गावी न्यायचं, असला हा न्याय. आयनोडमध्ये पत्ते किती मावतात आणि तबकडीवर मजकूर कुठे असावा यांचा कार्यकारणसंबंध कुठे आहे? मेगाबाइटच्या आकड्यामागे तरी कारण आहे : एका फाईलने गटाच्या साधारण २५ टक्क्यांपेक्षा जास्त जागा घेऊ नये. ४८ला तेही नाही. आणि हे आडाखे चांगले चालतात याला पुरावा काय, तर रोजच्या वापरात तसं दिसतं, एवढंच. तक्ता नाही, आकडा नाही.

शब्दाचाही एक घोळ इथे सोडवून टाकू. या निबंधात 'फ्रॅगमेंट' हा शब्द रोगासाठी येत नाही, औषधासाठी येतो. ब्लॉक मोठा केला की वेग वाढतो, पण लहान फाईली मोठ्या ब्लॉकमध्ये जागा फुकट घालवतात. युनिक्सवर लहान फाईलींचा सुळसुळाट. लेखकांनी आपल्याच यंत्रांवरच्या सुमारे ७७५ मेगाबाइट मजकुरावर हिशोब केला : ५१२ बाइटच्या ब्लॉकला ६.९ टक्के जागा वाया, १०२४ला ११.८, २०४८ला २२.४ आणि ४०९६ला तब्बल ४५.६ टक्के. मग त्यांनी ब्लॉक किमान ४०९६चा ठेवला आणि त्याचे दोन, चार किंवा आठ फ्रॅगमेंट करायची मुभा दिली. फाईलचं शेपूट फ्रॅगमेंटमध्ये, बाकी अंग पूर्ण ब्लॉकमध्ये. म्हणजे तुकडेबंदीच्या कायद्यातच तुकड्यांची कायदेशीर तरतूद. संपूर्ण निबंधातली आम्हाला सगळ्यात आवडलेली कल्पना हीच. तिच्यात हट्ट नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत. लागून असणं म्हणजे काय? अॅरिस्टॉटलने 'फिजिक्स'च्या पाचव्या भागात एकामागून एक येणं, एकमेकांना लागून असणं आणि अखंड असणं अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या आहेत. त्याच्या डोळ्यांसमोर जागा होती. बर्कलीच्या मंडळींना कळलं, की डिस्कवर लागून असण्याची व्याख्या काळात करावी लागते. त्या काळच्या अनेक डिस्क मिनिटाला ३६०० फेऱ्या घ्यायच्या. म्हणजे एक फेरी साधारण १६.७ मिलिसेकंदांची. एक ब्लॉक वाचून झाला, प्रोसेसरने तो उचलून ठेवला आणि पुढचा मागितला, तोवर अगदी शेजारचा ब्लॉक डोक्याखालून निघून गेलेला असतो. आता पूर्ण फेरीची वाट. म्हणून त्यांनी पुढचा ब्लॉक मुद्दाम थोडी जागा सोडून ठेवला. भूमितीत जो शेजारी, तो व्यवहारात सगळ्यात लांबचा. आणि एक घर सोडून राहणारा खरा शेजारी. प्रोसेसर किती वेगवान आहे हेही या हिशोबात धरलेलं होतं. वाटपाचा नियम यंत्रासापेक्ष केला, आणि तसं उघडपणे लिहिलं.

पुढे काय झालं? डिस्कच्या आतच बफर आले, एका फेरीत अख्खा ट्रॅक उचलला जाऊ लागला, आणि ही सोडलेली जागा उलट आडवी येऊ लागली. १९९१मध्ये मॅकव्हॉय आणि क्लायमन यांनी तीच फाईल सिस्टिम घेतली, ब्लॉक सलग ठेवले, एकेक न वाचता झुंडीने वाचले, आणि डिस्कवरची मांडणी न बदलता वेग मोठ्या प्रमाणात वाढवून दाखवला. याला निबंधाचा पराभव म्हणता येईल का? आम्ही म्हणणार नाही. ज्याने आपली गृहीतकं मापदंड म्हणून कागदावर ठेवली, त्याचं म्हणणं कालबाह्य झालं तरी दुरुस्त करता येतं.

आता मुख्य आक्षेप. इथे कागद-पेन्सिल घेतलीत तर बरं.

या व्यवस्थेत थोडी जागा कायम मोकळी ठेवावी लागते. त्या मर्यादेपलीकडे डिस्क भरली की सामान्य वापरणाऱ्याला 'डिस्क भरली' असं उत्तर मिळतं. फक्त व्यवस्थापक पुढे लिहू शकतो. कारण जागा शोधायला मोकळीक असेल तरच चांगली जागा मिळते. एसटी खचाखच भरली की 'आम्ही चौघं एकत्र बसू' म्हणून चालत नाही; मिळेल तिथे टेकायचं. निबंध सांगतो, की मोकळी जागा संपत आली की वेग निम्म्यावर येतो. आणि त्याच परिच्छेदाच्या आसपास तो मोठा दावाही करतो : जुन्या फाईल सिस्टिमसारखा या नव्या फाईल सिस्टिमचा वेग काळानुसार घसरताना दिसत नाही, तो मोकळ्या जागेवर अवलंबून असतो.

आता दोन तक्ते शेजारी ठेवू. वेगाचा तक्ता : जुन्या व्यवस्थेत वाचण्याचा वेग सेकंदाला २९ किलोबाइट, क्षमतेच्या ३ टक्के. नव्या व्यवस्थेत त्याच यंत्रावर २२१, म्हणजे २२ टक्के. आणि चांगल्या बसवर ४६६, म्हणजे ४७ टक्के. भव्य सुधारणा आहे, वाद नाही. ही मोजमापं १०२४ बाइटच्या फ्रॅगमेंटवर आणि १० टक्के जागा राखीव ठेवून केलेली आहेत. आता जागेचा हिशोब बघा. तिथे लेखक म्हणतात, की नव्या व्यवस्थेत वाया जाणारी जागा जुन्या १०२४च्या व्यवस्थेइतकीच आहे : जुन्यात ११.८ टक्के, नव्यात ६.९ अधिक राखीव ५. जमलं की गणित! पण हे ६.९ कुठले? ५१२ बाइटच्या फ्रॅगमेंटचे. आणि राखीव जागा इथे ५ टक्के. वेग मोजताना १०२४ आणि १०, जागा मोजताना ५१२ आणि ५. ज्या मांडणीवर वेग मोजला तिचाच जागेचा हिशोब केला तर ११.८ अधिक १०, ढोबळमानाने २२ टक्के होतात. जुन्याच्या जवळजवळ दुप्पट.

यात लबाडी आहे असं आम्हाला सुचवायचं नाही. दोन्ही आकडे निबंधात उघड छापलेले आहेत, म्हणून तर आपल्याला ते शेजारी ठेवता आले. पण युक्तिवाद म्हणून पाहिलं तर इथे पक्ष बदललेला आहे. 'ही व्यवस्था वेगवान आहे' आणि 'ही व्यवस्था जागा वाया घालवत नाही' या दोन वाक्यांतली 'ही' एक नाही. आणि एकदा हे दिसलं की सगळ्या यशाकडे बघण्याची तऱ्हा बदलते. जादू अर्थात झालेली नाही. जागा देऊन वेळ विकत घेतलेला आहे. सौदा उत्तम आहे, आम्हीही तो केला असता. पण सौदा आहे हे बिलावर लिहायला हवं होतं.

दुसरं, 'डिस्क भरली' हे वाक्य आजवर वस्तुस्थितीचं विधान होतं. या निबंधापासून ते प्रशासकीय निर्णयाचं विधान झालं. जागा आहे, पण तुम्हाला नाही. लिनक्सवरच्या एक्स्ट घराण्यातल्या फाईल सिस्टिम आजही मुळातच ५ टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखून ठेवतात. १५० मेगाबाइटच्या काळात ते साडेसात मेगाबाइट होते. चार टेराबाइटच्या डिस्कवर ते दोनशे गिगाबाइट होतात. टक्केवारी तीच ठेवली की न्याय तोच राहतो असं नाही.

राहिला न घसरण्याचा दावा. मोजलेल्या फाईल सिस्टिम निदान महिनाभर प्रत्यक्ष वापरात होत्या असं निबंध सांगतो, आणि त्या काळाच्या मानाने ही मोठी सचोटी आहे. कोऱ्या डिस्कवर मोजून टाळ्या घेणारे आजही पुष्कळ आहेत. पण महिना म्हणजे काळ नव्हे. हा प्रश्न खऱ्या अर्थाने धसाला लावला तो हार्वर्डच्या कीथ स्मिथ आणि मार्गो सेल्ट्झर यांनी, नव्वदच्या दशकात. त्यांची अडचण बघा : म्हातारी डिस्क प्रयोगशाळेत आणायची कुठून? त्यांनी खऱ्या सर्व्हरवरच्या फाईल सिस्टिमच्या रोज घेतलेल्या नोंदींवरून कोणत्या फाईली कधी आल्या आणि गेल्या याचा क्रम पुन्हा रचला आणि तो कोऱ्या डिस्कवर भरभर चालवला. महिनोन्महिन्यांचं आयुष्य तिला जगायला लावलं. १९९६ आणि १९९७च्या त्यांच्या निबंधांतून दिसलं, की बर्कलीची व्यवस्थाही म्हातारी होते. जुन्या फ्री लिस्टसारखी कोसळत नाही, पण वाकते. आणि दुसरं दिसलं ते जास्त महत्त्वाचं : दोन वाटप-धोरणांतला फरक कोऱ्या डिस्कवर कळतच नाही, तो म्हाताऱ्या डिस्कवर कळतो. आमच्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत मोठा पद्धतीचा धडा, आणि तो मूळ निबंधाबाहेर आहे.

रोझेनब्लम आणि औस्टरहाउट यांचा १९९१चा लॉगच्या रूपातला वेगळा मार्ग आज आपण सोडून देणार आहोत, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. एवढंच नोंदवू, की तिथे तुकडेबंदी सोडून नेहमीच्या झाडलोटीवर सगळी भिस्त आहे, आणि झाडणाऱ्याच्या मजुरीवरून तज्ज्ञांत पुढे चांगलीच जुंपली.

पण पुढची एक सुधारणा सोडता येत नाही. वाटप चांगलं व्हायचं तर फाईल शेवटी किती मोठी होणार हे आधी कळायला हवं, आणि ते कुणालाच कळत नाही. मग एक सोपी युक्ती : घाई करू नका. लिहिणाऱ्याला 'लिहिलं' म्हणून सांगा, मजकूर मेमरीत धरून ठेवा, आणि पुरेसा साठला की एकदम सलग जागा शोधा. एक्सएफएसने नव्वदच्या दशकात हे केलं, आणि रिकाम्या जागेची दुहेरी सूचीही ठेवली : एक कुठे आहे यावरून, दुसरी केवढी आहे यावरून. पुढे एक्स्ट४ने हेच विलंबित वाटप घेतलं. ती २००८च्या अखेरीस लिनक्समध्ये स्थिरावली. तुकडे कमी झाले. आणि २००९च्या सुरुवातीला तक्रारी येऊ लागल्या : मशीन अचानक बंद पडलं, पुन्हा चालू केलं, तर नुकत्याच जतन केलेल्या फाईली शून्य बाइटच्या.

फाईल सिस्टिमवाल्यांचं म्हणणं, आम्ही नियम मोडलेला नाही. ज्या कार्यक्रमाला मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री हवी त्याने तशी वेगळी मागणी करावी, हे पूर्वीपासून लिहिलेलं आहे. कार्यक्रम लिहिणाऱ्यांचं म्हणणं, इतकी वर्षं काही सेकंदांत आपोआप पोचत होतं, आम्ही त्यावर विसंबलो. शब्दार्थ एकाच्या बाजूने, रूढी दुसऱ्याच्या बाजूने. शेवटी, जुनी फाईल बदलून नवी ठेवण्याच्या नेहमीच्या रीती ओळखून तेवढ्यापुरतं वाटप लगेच करण्याची तडजोड एक्स्ट४मध्ये घालावी लागली. रूढी जिंकली, आणि आमच्या मते योग्यच झालं. कारण ज्याची फाईल गेली त्याला विनिर्देश वाचून दाखवून ती परत येत नाही. जागेच्या वाटपाचं कौशल्य वाढवता वाढवता 'लिहिलं' या क्रियापदाचा अर्थ बदलला गेला, आणि तो बदलताना ज्यांची फाईल होती त्यांना विचारलं गेलं नाही. बर्कलीच्या निबंधात जागा देऊन वेळ घेतला होता. इथे खात्री देऊन सलगता घेतली. पहिल्या सौद्यात निदान राखीव टक्का आकड्यात दिसत होता.

आता कोणी म्हणेल, आजकाल तबकडीच नाही, डोकं नाही, हात नाही. एसएसडीमध्ये सीक कुठला? मग हा निबंध संग्रहालयात ठेवायचा का? नाही. हात गेला तरी एका मोठ्या मागणीऐवजी हजार लहान मागण्या पाठवण्याचा खर्च उरतोच. २०१७मध्ये कॉनवे आणि सहकाऱ्यांनी गिटचे बदल हजारो वेळा डिस्कवर उतरवून दाखवलं, की आजच्या नावाजलेल्या फाईल सिस्टिमही म्हाताऱ्या होतात, आणि एसएसडीवरही होतात. शिवाय एसएसडीच्या पोटात स्वतःचं वेगळं वाटप चालतं, ज्याचा पत्ता वरच्या फाईल सिस्टिमला लागू दिला जात नाही. वरचा समजतो ब्लॉक शेजारी आहेत. खाली ते कुठेही असतात. नैयायिक आणि बौद्ध आता एकाच इमारतीत वरखाली राहतात.

वेळ संपत आलीय. समोरून एक चिठ्ठी आलीय, की हे सगळं ठीक, घरच्या लॅपटॉपवर डीफ्रॅग करायचं की नाही? सरळ उत्तर देतो. फिरती डिस्क असेल तर महिन्या-दोन महिन्यांतून करायला हरकत नाही. विंडोज ते स्वतःच ठरलेल्या वेळी करत असतं. एसएसडी असेल तर बाहेरचं कुठलंही डीफ्रॅगचं साधन चालवू नका, त्याने फुकट लिहिणं वाढतं आणि त्या जातीच्या डिस्कचं लिहिण्याचं आयुष्य मोजकं असतं. आणि दोन्हींत दहावा हिस्सा तरी मोकळा ठेवा. त्यासाठी आधी डाउनलोडचा फोल्डर उघडून बघा.